मलईसारख्या शीटवरच्या पेशी

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार
धरल्या! जीवाणूंनी साखरेच्या पाण्यात विणलेल्या शीटवर माणसाच्या त्वचेच्या पेशी धरल्या. शीट शहाळ्यातल्या मलईसारखी. मायक्रोस्कोपखाली धड दिसत नाही, म्हणून रंगावरून मोजायचं — जिवंत पेशी जास्त, तर जांभळा रंग गडद. आज प्लास्टिकच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींच्या दीडपट! निरंजन, माझा एकुलता एक सहकारी, म्हणे, "पेशी न घालता एक मोकळी शीटही तपासू." त्याला स्वतःच्या सावलीचीही शंका. चांगली नोकरी सोडून आले ती काय उगाच?

२६ सप्टेंबर
दादासाहेबांना सांगितलं. चाकणच्या शेडमधली ही खोली त्यांचीच; पलीकडे त्यांच्या प्रेस मशिनी. त्यांच्या बायकोच्या, अंबुबाईंच्या, पायाची जखम दोन वर्षं भरत नाहीये. "मग हिच्या पायाला कवा लावायचं?" अजून वेळ आहे म्हटलं. सहा तारखेला जखमांचे एक डॉक्टर आमचे आकडे बघायला येणार. पटले तर पुढच्या चाचण्या. पटतीलच.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
दसऱ्याच्या सुट्टीनंतर आले, तर पेशींच्या इनक्युबेटरवर हळदकुंकू, झेंडूची माळ — आणि बटण बंद! खंडेनवमीला दादासाहेबांनी सगळ्या मशिनी पुसून, थांबवून पूजा केली, त्यात हाही. "वर्साचा एक दिस मशिनीला इसावा नको व्हय, ताई?" सांगून जायला हवं होतं, चूक माझी. दोन दिवस पेशी गारच राहिल्या. प्लास्टिकवरच्या सगळ्या सुटून तरंगतायत. मेल्या. बाथरूममध्ये जाऊन रडले.

दुपारी शीट तपासल्या. आकडा तोच! तसूभर कमी नाही. पेशींना असं घर मिळालं की त्या गारठ्यातही तगतात. डॉक्टरांना हेही दाखवणार. निरंजनचं आपलं मोकळ्या शीटचंच पालुपद. जळतो बहुतेक.

४ ऑक्टोबर
अंबुबाई शेडमध्ये आल्या होत्या, लंगडत. "माज्या नातीच्या, मंजुषाच्या, लग्नात तिच्यामागं चालत मिरवंन मी. व्हय ना?"
व्हय म्हणाले.

६ ऑक्टोबर, सोमवार
डॉक्टर अकराला येणार. पहाटेच आले आणि मोकळी शीट रंगात घातली. निरंजनचं तोंड बंद करायला, दुसरं काही नाही.

आकडा तोच. रंग शीटच पिते. तिच्यावर पेशी कधी धरल्या होत्या का, मला माहीत नाही.

बाहेर अंबुबाई आल्यात, पेढे घेऊन.