दोघांना एक वकील

वाशिम, नोव्हेंबर १९७८

प्रिय मदन,

तुझं पत्र मिळालं. मंगरूळला जमिनीचे दावे भरपूर आहेत, पक्षकार घरी जेवायलाही नेतात, हे वाचून बरं वाटलं आणि रागही आला. गरीब आरोपींना सरकारी खर्चाने वकील द्यायचं ठरलं तेव्हा त्या यादीत आपण सहा वकील होतो. अकोल्याच्या एसटीत मागच्या बाकावर आपण खटल्यांवरून इतकं भांडायचो, की कंडक्टर दरडावायचा. मग एकेक जण गळत गेला. कुणाला नोकरी लागली, कुणाला घरच्यांनी बजावलं की खुन्यांची बाजू घेऊ नकोस. आता मी एकटी उरले. तू लिहितोस, तूही सोड. नाही सोडत, जा!

सध्या अकोल्याच्या सेशन कोर्टात मेडशीचा खटला चालू आहे. एका मुकादमाचा शेतात खून झाला. रूपला आणि ग्यानबा, दोघे मजूर, आरोपी. रूपला म्हणतो कुऱ्हाड ग्यानबाने घातली, ग्यानबा म्हणतो रूपलाने. मला रूपलासाठी नेमलंय. परवा जजसाहेब म्हणाले, बाई, दुसरं कोणी नाही, दोघांचंही तुम्हीच बघा. मी भर कोर्टात नाही म्हणाले. रूपलाला सोडवायला मी जो प्रश्न विचारीन, तोच ग्यानबाला फासावर नेईल! साहेब चिडले. मग कोण, म्हणून त्यांनी विचारलं, तर हजर वकिलांनी एकदम आपापल्या कागदांत तोंडं खुपसली. बाहेर ग्यानबाची बायको गंगू वाट अडवून उभी. “बाई, रूपल्याले वकील भेटला, मंग माह्या मानसाले काहून नाही? त्याचा जीव, जीव नोहे का?” मला तिच्याकडे बघवेना.

तशीच आत परत गेले आणि साहेबांना तुझं नाव सांगितलं. तू राजीनामा दिलाच नव्हतास, नुसता यायचा बंद झालास; यादीत तुझं नाव अजून आहे. कोर्टाचा कागद येईलच; त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. आलास, तर माझ्या रूपलाविरुद्ध जीव तोडून लढ, मीही तुला सोडणार नाही. यायचं नसेल, तर मंगरूळहून चिठ्ठी धाडू नकोस. सोमवारी अकोल्याला ये आणि ग्यानबाच्या तोंडावर नाही म्हण.

भांडायला तयार, तुझीच
भागिरथा