बेडकी आहे तशीच विकावी

मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, पूर्वी भूमापन कार्यालयात आरेखक, आता निवृत्त. उजवा पाय लहानपणापासून गुडघ्यात वाकत नाही. बाकी प्रकृती वयाच्या मानाने बरी. माझे डोके ठिकाणावर आहे. आज सकाळी डॉक्टरांनी मला पंधरा प्रश्न विचारले आणि म्हणाले, "काका, डोकं ठिकाणावर आहे, पण तापलेलं आहे." तापलेल्या डोक्याने केलेले मृत्युपत्र कायद्यात बसते की नाही, हे मी वकीलबाईंना विचारून घेतले. बसते. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या दडपणाला बळी न पडता करत आहे. दडपण आले नव्हते असे मात्र मी लिहिणार नाही. ते कोणी आणि कसे आणले हे कलम पाचमध्ये आहे.

वकीलबाईंचा सल्ला असा की मृत्युपत्रात मालमत्ता लिहावी, राग लिहू नये. पण जे जे आपल्याजवळ आहे ते सगळे लिहावे, हेही त्यांनीच सांगितले होते.

कलम १. मला दोन अपत्ये. मुलगी थोरली, मुलगा धाकटा. दोघेही आपापल्या घरी सुखी आहेत. माझी पत्नी गेल्या हिवाळ्यात वारली. मसुद्यात तिचा उल्लेख 'मयत पत्नी' असा होता, तो मी खोडला आहे. मी तिला जन्मभर 'ही' म्हटले. आता बदलणार नाही.

कलम २. राहते घर दोन्ही मुलांना समान. विकायचे तर दोघांच्या संमतीने विकावे. स्वयंपाकघरातले फडताळ खाली लावलेले आहे. त्याच्या कोपऱ्यावर उंच माणसांचे कपाळ आपटते. माझे पुष्कळदा आपटले आहे. ही बुटकी होती आणि फडताळ तिच्या हाताला येईल असे तिनेच लावले होते. कोणी ते वर सरकवू नये. वाकून जावे.

कलम ३. बँकेतील ठेव निम्मी निम्मी. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

कलम ४. बेडकी. ही आमची मोटार. दोन माणसांची, उघड्या टपाची, जुन्या काळची स्पोर्ट्स कार. पुढचे दिवे डोळे वटारल्यासारखे बाहेर आलेले, म्हणून गल्लीने तिचे नाव बेडकी ठेवले आणि तेच राहिले.

आली तेव्हा ती मोटार नव्हती. पंपांच्या कारखान्यात ही टर्नर होती, म्हणजे लेथवर लोखंड कातणारी. त्या कारखान्याच्या मालकाच्या बंगल्यामागे ती गाडी झाडाला धडकून वर्षानुवर्षे पडली होती. सीटमधून वेल वर आला होता. मालक म्हणाले, "न्या हे भंगार, जागा तरी मोकळी होईल." हिने ते मनावर घेतले आणि गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आणली.

हिचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मेहुणे, त्या दिवशी दारातच उभे होते. त्यांचा जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीचा धंदा आहे. ते म्हणाले, "ताई, बेडकीनं कितीही अंग फुगवलं तरी तिचा बैल होत नाही."

ही म्हणाली, "बैल हवाय कुणाला? बेडकी उडी तरी मारते."

पुढची काही वर्षे घरामागची शेड हाच आमचा दिवाणखाना झाला. हिचे पाय पोहोचत नव्हते म्हणून पेडलांवर ठोकळे बसवले. सीट पुढे घेतली. स्टिअरिंग लहान केले. मूळचा पाण्याचा पंप कुठेच मिळेना, तेव्हा मालकांना विचारून कारखान्यातल्या लेथवर, जेवणाच्या सुट्टीत, नवा पंप केला. त्यातून आजवर थेंब गळलेला नाही. मेहुण्यांच्या दुकानातल्या अस्सल गाड्यांखाली पातेली ठेवावी लागतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

गाडी चालू झाली आणि मी शेजारी बसायला गेलो, तर माझा पाय आत मावेना. टाच दाराबाहेर. मी म्हटले, "तू एक चक्कर मारून ये. मी इथे थांबतो."

ही गाडी बंद करून उतरली. म्हणाली, "अहो, मग ही मी बांधली कशाला?"

तिने मला फरशीवर बसवले, पाठ भिंतीला टेकवली आणि पायाचे माप घेतले. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा कात्रीने कापला. तिच्या कारखान्यातल्या नाना वेल्डरने तिथे पत्र्याची एक लांबट पेटी जोडली, इंजिनाच्या कडेने पुढे जाणारी. मी बूट घालून बसलो. पाऊल पेटीच्या तोंडाशी वळले आणि तिथेच अडकले.

नाना पोट धरून हसला. "बाई, पंप करताना केसाएवढा फरक चालत नाही तुम्हाला, आणि नवऱ्याचं माप अनवाणी घेता?"

"घरात बूट कोण घालतं?" ही म्हणाली.

मग काही दिवस मी एक बूट मांडीवर घेऊन फिरलो. चौकातला पोलीस आम्हाला सलाम ठोकायचा, तो त्या बुटाला असावा. पुढे हिने पेटी परत कापली आणि बुटापुरता तुकडा वाढवला. त्यामुळे पेटीला मध्ये एक सांधा आहे. जाड, ओबडधोबड. त्याला ही 'बुटाचा सांधा' म्हणत असे. इंजिनाच्या बाजूने पेटी तापते, त्यामुळे थंडीत पायाला छान शेक मिळायचा. मी विचारायचो, "एका पायाला शेक, दुसऱ्यानं काय पाप केलं?" ती म्हणायची, "तो वाकतो ना, मग भोगू दे."

कलम ५. झालेला प्रकार. ही गेल्याला महिना झाला नसेल, मुलगा आणि मेहुणे एका गृहस्थांना घेऊन आले. जुन्या गाड्यांचे जाणकार. डोक्यावर चौकड्यांची टोपी, घरात आल्यावरही तशीच. त्यांनी बॉनेट उघडले, पत्रा वाजवून पाहिला, मान डोलावली. मग माझ्या बाजूचे दार उघडून आत वाकले.

"हा काय प्रकार आहे? एवढ्या चांगल्या गाडीची कुणी वाट लावली?"

मी तिथे दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मुलगा म्हणाला, "आमच्या आईला थोडा नाद होता."

थोडा नाद. दिवसभर लेथवर उभे राहून घरी यायचे, दोन मुलांचे अभ्यास घ्यायचे, आणि मग शेडमध्ये गाडीखाली झोपून नट सोडवायचे, याला थोडा नाद म्हणतात हे मला आजवर माहीत नव्हते. त्याची पाढ्यांची वही तेलाच्या बोटांनी डागाळलेली असायची. ते डाग तो विसरला असेल. मी विसरलेलो नाही.

मेहुणे म्हणाले, "भाऊजी, भावनेला गिऱ्हाईक नसतं. ओरिजिनलला असतं. ताईचे उद्योग काढून टाकू, ठोकळेबिकळे, आणि हा खड्डा बुजवून घेऊ. मग बघा लोक कसे रांग लावतात."

मी सांगितले की गाडी विकायला माझी हरकत नाही. मी ती चालवू शकत नाही, मुलीच्या इमारतीत ठेवायला जागा नाही, आणि उभी राहिली तर गंजेल. विकावी. पण आहे तशी. सगळ्यांनी माना हलवल्या. मी हळू बोलतो. त्यामुळे मी नाही म्हटले तरी लोकांना हो ऐकू येते.

नंतर मी मुलीकडे राहायला गेलो, तेवढ्यात गाडी शेडमधून हलवली. नानाचा फोन आला. "दादा, बेडकी गॅरेजात आहे. ठोकळे काढलेत. आता पेटी कापायला घेतायत. मी ओरडतोय, पण माझं कोण ऐकतंय?"

मी टॅक्सी केली. गॅरेजमध्ये गेलो, बेडकीचे दार उघडले, माझ्या जागेवर बसलो आणि पाय पेटीत घातला. बुटासकट.

गॅरेजवाला कटर हातात घेऊन उभा होता. "आजोबा, उतरा. कटर चालवायचाय."

"चालवा."

"अहो, तुमचा पाय आहे आत!"

"म्हणूनच बसलोय."

त्याने मुलाला फोन केला. मुलगा ऑफिसातून तसाच आला, गळ्यात ओळखपत्र लटकत होते. "बाबा, उतरा. लोक बघतायत."

"बघू देत. आई बांधत होती तेव्हाही बघतच होते."

"तुम्हाला मदत करायला गेलो तर हे! कोण घेणार आहे ही अशी?"

मी पाय पेटीत आणखी पुढे सारला. मग तो दारापाशी उकिडवा बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा, या गाडीत आम्हाला कधी जागाच नव्हती. दर रविवारी तुम्ही दोघं निघायचा, आणि ताई आणि मी खिडकीत. हात हलवायचो. मला ओरिजिनल हवीय, कारण ती तुमच्या दोघांच्या आधीची आहे."

याचे उत्तर कलम नऊमध्ये दिले आहे. उतरलो मात्र नाही. शेवटी गॅरेजवाल्यानेच कटरची वायर गुंडाळली, काढलेले ठोकळे एका गोणीत भरले आणि म्हणाला, "मला दुसरी कामं आहेत. आधी घरात ठरवा, मग या." मी बसलेला असतानाच बेडकी टेम्पोवर चढवली आणि घरी आणली. ती गोणी तेव्हापासून माझ्या खाटेशेजारी आहे.

कलम ६. हिची हत्यारे. सगळे पाने, पकडी, लोखंड आवळून धरायचा मोठा शेगडा आणि शेडमधले टेबल नाना वेल्डरला. नाना साक्षीदार व्हायला नवे धोतर नेसल्यासारखा तयार होऊन आला होता. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितले. "म्हणजे पाने घ्यायचे तर सही गेली?" असे म्हणून तो रुसला. त्याची समजूत मुलीने घालावी.

फक्त पत्रा कापायची लांब दांड्याची कात्री नानाला देऊ नये. ती मुलाला द्यावी. कशासाठी, ते पुढे येईल.

कलम ७. मेहुण्यांना पितळी ढाल. जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात बेडकीला ती मिळाली. बेडकी कोणी बांधली असे विचारल्यावर मेहुण्यांनी पुढे होऊन "आमचे भाऊजी" असे सांगितले. मी तिथल्या तिथे "माझी पत्नी" असे म्हणालो. मेळावावाले विनोद समजून हसले आणि ढालीवर माझे नाव कोरून दिले. मी ती परत करायला निघालो तर ही म्हणाली, "राहू दे हो, शेडचं दार वाऱ्यानं आपटतं." तेव्हापासून ढाल दाराला टेकण म्हणून आहे. चांगली जड आहे. मेहुण्यांनी ती त्याच कामाला वापरावी, दिवाणखान्यात लावू नये.

कलम ८. बेडकीची विक्री. नानाने गोणीतले ठोकळे पूर्वीच्या जागी बसवावेत आणि मगच गाडी विक्रीला काढावी. विक्री मेहुण्यांमार्फत होऊ नये. टोपीवाल्या गृहस्थांना गाडी दाखवायला हरकत नाही, पण टोपी काढायला लावावी. जाहिरातीत आधी हे लिहावे: ही गाडी एका टर्नरबाईंनी स्वतः बांधली. 'हौस', 'नाद' हे शब्द वापरू नयेत. कोणी पेटीकडे बोट दाखवून विचारले, तर "त्यांच्या नवऱ्याचा पाय वाकत नव्हता" एवढेच सांगावे. दिलगिरीच्या सुरात सांगू नये. येतील ते पैसे दोघांना समान.

एकदा विकल्यावर घेणाऱ्याने गाडीचे काय करावे हे मला बांधून घालता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. मान्य आहे. माझे भांडण त्या परक्या माणसाशी नाही, घरच्यांशी आहे.

कलम ९. विक्रीआधीची अट. ही अट पुरी झाल्याशिवाय कलम आठमधली विक्री होणार नाही; ठोकळे मात्र आधी बसवावेत.

मुलगा म्हणाला की बेडकीत त्यांना जागा नव्हती. खरे आहे. दोघांची गाडी होती आणि आम्ही दोघे होतो. त्या दोन्ही जागा आता रिकाम्या झाल्या आहेत.

मुलीची उंची आईची आहे. तिचे पाय ठोकळ्यांना बरोबर लागतील. मुलाने माझी उंची घेतली आहे. एका रविवारी मुलीने बेडकी चालवावी आणि मुलाने शेजारी बसावे. उजवा पाय सरळ करून पेटीत घालावा, बूट न काढता. बाजार ओलांडून, पाण्याच्या टाकीच्या चढावरून, जिथे आम्ही गाडी थांबवून शहर बघत बसायचो तिथपर्यंत जावे आणि परत यावे. मेहुण्यांना बरोबर घेऊ नये. तिसऱ्याला जागा नाही.

परत आल्यावर मुलाला पेटी नकोच वाटली, तर त्याला माझी मनाई नाही. पण मग ती गॅरेजला देऊ नये. कटरला एक मिनिट लागेल, तेवढ्यात काही कळत नाही. त्याने शेडमध्ये गुडघ्यावर बसून, कलम सहामध्ये दिलेल्या कात्रीने, स्वतः कापावी, आणि सुरुवात बुटाच्या सांध्यापासून करावी. मुलीने जवळ उभे राहावे, पण त्याचा हात धरू नये. तो सांधा फार चिवट आहे. तो जोडण्यासाठी पत्रा कापताना हिच्या तळव्यांना फोड आले होते.

त्यालाही येऊ देत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र नाही. यापुढे करण्याचा विचार नाही. सर्व पाने मी स्वतः वाचली, ती मला समजली, आणि वाचून झाल्यावरही माझा राग तसाच आहे.

ठिकाण: घरामागची शेड, बेडकीतील माझी जागा
दिनांक: ९ मार्च २०१९

सही (मृत्युपत्र करणार)

साक्षीदार १: सही. कुटुंबाचे डॉक्टर. सही करणाराचे डोके सकाळी तपासले, ठिकाणावर आढळले.

साक्षीदार २: सही. समोरच्या दुकानातले शिंपी. माझ्यादेखत सही झाली. पाय पेटीत होता, बूट पायात होता.