मोजोबाची थरथर

सोमवार, ५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. घरी सगळे मजेत असाल असं धरून चालते, कारण काही बिनसलं असतं तर दादाचा फोन आला असता, आणि दादाचा फोन आलेला नाही. मीही बरी आहे. पत्र टाइप केलेलं बघून नाक मुरडू नकोस. हल्ली सगळं टाइपच करते, हाताने लिहायची सवयच गेली बघ.

वाढदिवसाला आले नाही म्हणून भाची माझ्यावर फुगून बसली आहे असं कळलं. तिला सांग, आत्या कामात गळ्यापर्यंत बुडाली आहे. खोटं नाही ते. मालिकेचा दुसरा हंगाम संपवायचा आहे आणि शेवटचा भाग अजून अर्धासुद्धा झालेला नाही.

तू अजून एकही भाग धड पाहिलेला नाहीस, ही चुगली तिनेच केली. म्हणून थोडक्यात सांगते, कुणी विचारलं तर निदान माझी अब्रू राखशील. बस डेपोत हरवलेल्या वस्तू ठेवायची एक खोली असते. कारकून कुलूप लावून घरी गेला, की फडताळावरच्या वस्तू बोलायला लागतात. छत्रीसाहेब आहेत. ते स्वतःला खोलीचे मुख्य अधिकारी समजतात आणि काही झालं तरी उघडत नाहीत. कवळीबाई आहेत, त्यांना तोंड आणि दात सोडून दुसरं काहीच नाही, त्यामुळे दिवसभर चकाट्या पिटतात. आणि आमचा मोजोबा. जोडीतला एक मोजा. दुसरा येईल म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेला, सशाच्या काळजाचा. पोरं हसतात ती कवळीबाईंना. मोठी माणसं मोजोबासाठी बसतात, आणि आपण पोरांसाठी बसलोय असं सांगतात.

मोजोबा माझा. म्हणजे त्याला हलवते मी. आत तारेचा सांगाडा, वर विणलेली लोकर. केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचा. दिवसभर पाठ मोडल्यावर चार-पाच सेकंदांचं चित्र हाती लागतं. दादा म्हणतो तसं, "शेती बरी, तिथे निदान रात्री पीक वाढतं."

या हंगामात मोजोबा थरथरतो. बसला असला तरी त्याची कड बारीक हलत असते, जसा काही अंगात ताप आहे. लोकांना ते फारच आवडलंय. आमच्या दिग्दर्शकांना आम्ही मफलर म्हणतो, उन्हाळ्यातही त्यांच्या गळ्यात तो असतोच. तर मफलर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, याला म्हणतात अभिनय! एवढ्याशा लोकरीत जीव ओतलाय बाईंनी." टाळ्या झाल्या. मी हात खिशात घालून उभी होते.

बाकी इथे ठीक. माझी खोली तशीच, वरच्या मजल्यावरचे लोक तसेच, दिवसभर टेबलं सरकवतात. कप बदलले मी, मोठे उंच मग आणलेत. अर्धाच चहा ओतला की सांडत नाही.

हो, एक सहज विचारते. बाबांचं आधी उजव्या हाताचं सुरू झालं होतं ना? की डाव्या? माझ्या लक्षात नाही. तू त्यांच्याजवळ होतीस म्हणून तुला विचारलं, बाकी काही नाही.

दादाला नमस्कार, भाचीला पापा.

तुझी लाडकी (असं मीच ठरवलंय) नणंद


बुधवार, १४ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "हात कुठला ते सांग, गप्पा नंतर मार."

उजवा.

आता लिहिलं एकदाचं. हा शब्द टाइप करायला मी दोनदा उठून खिडकीशी जाऊन आले.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी कळलं. मोजोबाची टाच उचलत होते आणि बोट थांबेना. वाटलं, जेवले नाही म्हणून असेल. मग वाटलं, चहा जास्त झाला. चहा कमी केला, झोप वाढवली, बोटांचे व्यायाम केले. कारणं शोधण्यात माझा हात कुणी धरणार नाही. (बघ, हात धरणार नाही म्हणे. भाषासुद्धा टिंगल करते.)

तो थरथरतो ते माझ्यामुळे, वहिनी. त्याचा डोळा हलवायचा असतो आणि माझं बोट त्याच्या कडेला लागतं, फोटोगणिक थोडं थोडं. पडद्यावर ते सगळं जुळलं की मोजोबा कापायला लागतो. अभिनयबिभिनय काही नाही. आणि लोक टाळ्या वाजवतात. भाचीच्या वर्गातली पोरं मोजोबासारखं कापत चालतात असं तू मागे लिहिलं होतंस, ते वाचून आधी मला हसू आलं. बाबा चालायचे तसं चालत असतील ना ती?

आता खरी अडचण ऐक. शेवटच्या भागात खोली रिकामी करायचा हुकूम येतो. कुणी न्यायला न आलेल्या वस्तू कचऱ्यात जाणार, आणि पहिला नंबर कवळीबाईंचा. छत्रीसाहेब तोंड फिरवतात. तेव्हा जन्मभर घाबरलेला मोजोबा फळीच्या टोकाला जातो, ताठ उभा राहतो आणि म्हणतो, "यांना नेणार असाल तर आधी मला न्या." मफलरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "या एका प्रसंगात तो अजिबात कापता कामा नये. दगडासारखा उभा हवा. एवढा वेळ तुम्ही त्याला कापवलंत ते याचसाठी ना!"

मी म्हटलं, "हो, याचसाठी."

काय बोलणार होते?

या आठवड्यात तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा केला. मनगटाखाली वाळूची पिशवी ठेवली. कोपर टेबलाला बांधून पाहिलं. श्वास रोखून पाहिलं, तर घेरी आली. एकदा डाव्या हाताने केलं, तेव्हा मोजोबा दारू प्यायल्यासारखा उभा राहिला. सगळं पुसून टाकलं. कॅमेरा बिघडलाय असं सांगितलं, बिचाऱ्या कॅमेरावाल्याने दोनदा उघडून साफ केला. शेजारच्या टेबलावर डावरा असतो, छत्रीसाहेब त्याचे. हात इतका स्थिर की चीड येते. त्याचं माझं कधी पटलं नाही. तो माझ्याकडे बघतो आणि काही बोलत नाही, त्याने मला जास्तच धडकी भरते.

सांगितलं तर मोजोबा माझ्याकडून जाईल. मग मी कोण? मला दुसरं काही येत नाही गं. स्वयंपाक तू चाखलायसच.

आणि तुला इतके दिवस सांगितलं नाही ते एवढ्याचसाठी, की बाबांचं सगळं तू केलंस. घास भरवलेस, सदऱ्याची बटणं लावलीस, पडले की उचललंस. तुझी पाठ त्यातच गेली. मला पाहशील आणि पहिल्या क्षणी ओळखशील, म्हणून वाढदिवसाला आले नाही. आता पुन्हा तेच ताट तुझ्यापुढे कसं वाढू?

दादाला यातलं काही सांगू नकोस. तो बाबांच्या खोलीत जायचाच नाही, उंबऱ्यातून विचारायचा, "ठीक ना?" आणि निघायचा. माझ्याकडेही तो तसंच उंबऱ्यातून बघेल. ते मला सोसणार नाही.

तुझी


शनिवार, ९ मार्च

प्रिय वहिनी,

माझं पत्र मिळालं त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, "रडायचं असेल तर आत्ता रड, मी धरून आहे. पण उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं आणि मग मला लिहायचं." रडणं त्या दिवशी झालं. बाकीचं लिहायला उशीर केला, कारण एक गोष्ट आधी निस्तरायची होती.

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान आहेत. त्यांनी अंगठ्यावर बोट टपटप मारायला लावलं, बाहेरच्या पडद्यापर्यंत चालून दाखवायला सांगितलं, मग कागदावर गोगलगाईच्या शंखासारखं वळण काढायला दिलं. डाव्या हाताचं नीट आलं. उजव्या हाताचं पाहून त्यांनी कागद हळूच आपल्याकडे ओढून घेतला. मी विचारलं, "वडिलांना होतं तेच ना?"

"तेच दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण सुरुवात आहे. वडिलांच्या वेळेपेक्षा आता औषधं बरी आहेत. कापणं कमी होईल."

"थांबेल?"

"कमी होईल."

त्यांनी खोटं सांगितलं नाही म्हणून त्या मला आवडल्या. बाहेर आल्यावर मात्र जिना उतरवेना. भिंतीला हात लावून उभी राहिले. एक बाई विचारून गेल्या, चक्कर येतेय का. मी हो म्हटलं, तेवढंच सोपं होतं.

तिथून तडक स्टुडिओत गेले. घरी गेले असते तर पुन्हा कधीच सांगितलं नसतं. मफलर कॅमेऱ्यापाशी होते, डावरा आपल्या टेबलाशी. मी म्हटलं, "दोघांनाही सांगायचंय," आणि सांगून टाकलं. मोजून चार वाक्यं असतील. पाठ करून गेले होते.

मफलरनी गळ्यातला मफलर सोडला. त्यांना तसं पाहिलं नव्हतं कधी, मान केवढीशी आहे त्यांची. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे ती थरथर... तो अभिनय नव्हता?"

वहिनी, एवढ्या वेळात त्यांना हेच सुचावं! मला रागही आला आणि हसूही. "नव्हता," मी म्हटलं.

"मी सगळीकडे मुलाखतींत सांगत सुटलोय," म्हणाले आणि बाहुल्यांच्या खोक्यावर मटकन बसले. मग एकदम उठून म्हणाले, "माफ करा, बाई. माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही कशा आहात?"

डावरा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "मला वाटलं, टेबल हलतंय. रोज तू गेल्यावर तुझ्या टेबलाचे स्क्रू पिळत होतो मी."

"रोज?"

"मग काय! शेवटी पाय बदलले. तरी हलतंच होतं. तेव्हा कळलं."

"बोलला का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस?"

त्याच्याशी भांडायची माझी सगळी तयारी होती, ती तशीच राहिली.

मोजोबाचा प्रसंग डावऱ्याने केला. मी शेजारी स्टुलावर बसले आणि तोंडाने सांगत राहिले. केसभर पुढे. थांब. टाच टेकू दे. आता खांदे, म्हणजे त्याला खांदे नाहीत पण तू समज. तो समजला. मोजोबा फळीच्या टोकाला गेला आणि उभा राहिला, असा ताठ की मला बघवेना. आनंदाने नव्हे. तुझ्याशी खोटं बोलणार नाही, मला डावऱ्याचा हात पिरगाळावासा वाटत होता. आपलं पोर दुसऱ्याच्या कडेवर शहाण्यासारखं बसलं की कसं वाटतं, तसं. दुपारी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले आणि पुन्हा स्टुलावर बसले.

बोलून झाल्यावर मोजोबा खाली बसतो. तिथे पटकथेत नुसतं "बसतो" एवढंच आहे. मफलर म्हणाले, झालं, पुढच्या शॉटला चला. मी म्हटलं, नाही. एवढं बोलल्यावर तो बसला की कापेल. शूर माणूससुद्धा नंतर कापतो, आधी नाही. "आणि ते मी करणार. औषध सुरू झालंय, तरी अजून पुरेसं कापतंय."

डावरा स्टुलावर जाऊन बसला.

ते मी केलं. बोटाला हवं तेवढं हलू दिलं, आणि जिथे नको तिथे डावऱ्याने मोजोबाची टाच पेन्सिलीने दाबून धरली. तो अभिनय होता की आजार, आता मलाही सांगता येणार नाही. परवा स्टुडिओतल्या लोकांनी आपापल्या मुलांना आणून तो भाग पाहिला. मोजोबा उभा राहिला तेव्हा मुलांनी आरोळ्या ठोकल्या. तो बसून कापायला लागला तेव्हा कुणी हसेल म्हणून मी खाली मान घालून बसले होते. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी आईला म्हणाली, "त्याच्याजवळ कुणीतरी जा ना." आणि पडद्यावर कवळीबाई सरकत सरकत त्याच्याजवळ जाऊन बसल्या. पहिल्यांदाच गप्प.

पुढच्या हंगामात मोजोबा डावऱ्याकडे. मी स्टुलावर. मफलर माझ्या या कामाला मोठं नाव देणार आहेत, पाटीवर लिहायला. मी म्हटलं, पाटी राहू दे, स्टुलाला गादी बसवा.

हे सगळं वाचून तुला वाटेल, सावरली. नाही गं. सकाळी डोळे उघडले की आधी हाताकडे बघते, मग उठते. स्टुलावर तरी किती दिवस, हा प्रश्न जेवतानाही समोर येऊन बसतो. आणि त्याहून जास्त भीती मला वेगळ्याच गोष्टीची आहे, दादाला सांगायची. उद्याच्या नाही, पुढच्या रविवारी सकाळच्या बसने येते आहे. दादाला मीच सांगणार, तू आधी काही बोलू नकोस आणि त्याची बाजूही घेऊ नकोस. तो उंबऱ्यात थांबला तर मी त्याला आत ये म्हणणार आहे. मोठ्याने म्हणणार आहे, भाचीला ऐकू गेलं तरी चालेल. आला तर ठीक. नाही आला तर तू माझ्याजवळ बस, आणि थोडा वेळ काही बोलू नकोस.

खूप घाबरलेली, तरी निघालेली,
तुझी नणंद