उघडं पाणी

३ डिसेंबर
अखेर घर मिळालं! बल्खाश शहरातली चौथ्या मजल्यावरची एकच खोली, पण ऊब अशी की बाहेर बर्फ आणि आत मी बिनबाह्यांच्या झग्यात. नवरोबा येरमेक सामान टाकून खाणीवर गेला, आता रविवारीच उगवेल. मागच्या भाडेकरूंनी सगळी भांडी पालथी घालून ठेवली होती. मी हसत हसत ती सुलटी केली. कुरबुर एकच: खिडकीखालचा हीटर हवा पार सुकवून टाकतो. दौतीचं झाकण उघडं राहिलं, तर दुपारपर्यंत शाई घट्ट!

५ डिसेंबर
आयझानच्या नाकातून रक्त आलं. पाच महिन्यांचं लेकरू, माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवर लावायला आर्द्रतामापक दिला आणि हीटरवर उघडी परात भरून ठेवायला सांगितली. काटा चढला, पोर शांत झोपली. खालच्या मजल्यावरच्या राबिगा आपा मात्र परात पाहून रागावल्या. दिवेलागणीनंतर पाणी झाकायचं असतं, आईने एवढंही शिकवलं नाही का, म्हणाल्या. झाकलेल्या पाण्याने हवा ओली कशी होणार? मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

६ डिसेंबर
सकाळी परात कोरडी. काटाही तळाला. पाणी हवेत गेलं नाही, मग गेलं कुठे? पुन्हा भरली. माझं जेवण होईतो रिकामी. काठावर ओठ टेकल्यासारखा ओला ठसा. मी भ्याले. परातीवर ताट झाकलं.

७ डिसेंबर
आयझान रडते, पण डोळ्यांत पाणी नाही. लंगोट कोरडा. दूध तिच्या ओठांवरच सुकतं —

बाहेरची पाइपलाइन गोठलीय, नळाला पाणी नाही. तिला उचलून आपांकडे धावले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चटक लावलीस पोरी, आता झाकून काय उपयोग? पाणी तू ठेवलंस, ते पिणारं तुझ्याच मागे येणार. लेकरू माझ्याकडे दे. तू वर थांब."

दिलं.

संध्याकाळ
ताट काढलं. परातीत थेंब नाही, तरी काठ ओला होतोय — जीभ टाळूला चिकटली. खालून आयझान रडतेय. भरल्या गळ्याने, ओलं ओलं. किती बरं वाटलं.

येरमेक, ती आपांकडे आहे. तू वर येऊ नकोस —

ये. पाणी घेऊन ये. दौतीतली शाईसुद्धा आता