ओवाळणीचा राउटर

३ ऑक्टोबर, शुक्रवार

राउटरला कुंकू लावले!

काल दसरा. विळा, कुदळ, माझी स्कूटर, दुकानातले झेरॉक्स मशीन — या रांगेत आमच्या सौ. दुर्गेश्वरीबाईंनी राउटरही मांडला. हळद, कुंकू, अक्षता. दोन्ही अँटेनांना झेंडूचे एकेक फूल. पोळ्याच्या बैलासारखा दिसत होता. बैल निदान चालतो तरी.

म्हटले, "अगं, त्याच्या भोकांत कुंकू गेलं."

"देवाच्या बी नाकात जाते. देव कधी शिंकला का?"



राउटर साधा नव्हे. गेल्या भाऊबीजेची ओवाळणी आहे ती. उमेंद्र — माझा एकुलता एक साळा, केशोरीला इंटरनेटचा धंदा, अर्धा तालुका त्याच्या वायरीला लटकलेला — याने साडीऐवजी तो तबकात ठेवला. बहीण गहिवरली. मी खोका पाहिला. कोपरे झिजलेले होते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

शालीकरामबुवा सातबारा काढायला आले. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे दुर्गीचे दुकान — ऑनलाइन कामे नि झेरॉक्स. तिने साईट उघडली, तर पडद्यावर एक बाई. अंगावर कपडे बेताचे, हातात पत्ते. "या, रमी खेळू या!"

बुवांनी चष्मा पुसला. पुन्हा लावला.

"तलाठी बदलली का वो?"

दुर्गीने पडद्यावर पदर टाकला. शब्दशः.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज पाच म्हातारे सातबारा काढायला आले. त्यातल्या तिघांना शेती नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

हसणे संपले.

रुख्माबाईच्या मुलीने, निशाने परवा आमच्याकडे नर्सिंगचा फॉर्म भरला. मार्कशीट, आधार, फोटो, सगळे चढवले. मध्ये एक लाल पाटी आली होती म्हणे — ही साईट सुरक्षित नाही. दुर्गीने सवयीने 'तरीही पुढे जा' दाबले. आपण सगळे तेच करतो. रेल्वेचे फाटक पडले की आपण थांबतो का? वाकतो.

पावती आली. वर 'अभिनंदन' छापलेले. तिथेच शंका यायला हवी होती. फॉर्म भरला म्हणून आपल्याकडे कोण कोणाचे अभिनंदन करते?

आज निशाने कॉलेजातून पाहिले. त्या नंबरचा फॉर्मच नाही. साईट खोटी होती! शेवटची तारीख बुधवार. वर तिच्या मोबाइलवर कोणी गोडबोल्याचे फोन सुरू — "मॅडम, सीट पक्की करून देतो."

रुख्माबाई दुकानात आली. ओरडली असती तर बरे झाले असते. नुसते म्हणाली, "बाई, तुह्या भरोशावर पोरगी पाठवली होती ना मी."

दुर्गी जेवली नाही. नऊ वर्षांत या दुकानाने एकाचाही कागद चुकवला नव्हता.

१२ ऑक्टोबर, रविवार

गोंदियाहून कैलाशला बोलावले. कॉलेजात संगणक शिकवतो. माझा जुना मित्र. अर्धे बोलणे हिंदीत, उरलेले जांभईत. राउटरपुढे तासभर बसला, मग म्हणाला, "सर, ये राउटर नहीं, धर्मशाला है. कोई भी आओ, कोई भी सो जाओ."

मला कळले ते असे. राउटरच्या पोटात एक प्रोग्राम असतो, फर्मवेअर म्हणतात त्याला. आमच्याचा तीन वर्षे जुना. त्यात भोक सापडले, कंपनीने तेव्हाच ठिगळ पाठवले, लावले कोणीच नाही. भोकातून कोणीतरी आत शिरले आणि पत्ते फिरवून ठेवले. कोहमारा फाट्यावरची पाटी रातोरात उलटी करावी तसे. आपण निघालो साकोलीला, पोचलो देवरीला, आणि उतरून विचारतो — साकोली एवढी कशी बदलली!

"रिसेट मारू," म्हणून कैलाशने टाचणी घेतली. रिसेटचे भोक शोधू लागला. सापडेना. दसऱ्याचे कुंकू, हळद नि तुपाचा थेंब, वर अक्षता — गवंड्याने भरावे तसे भरले होते.

"भाभीजी, इसमें क्या डाला?"

"पूजा हाय ती. टोचू नका जी."

मग दुसरा रस्ता. आतले पान उघडायला पासवर्ड हवा. कैलाश चार-पाच अंदाज मारून थकला. दुर्गी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आईचं नाव टाका. शकुंतला एक दोन तीन. उमेंदर मोबाइलच्या कुलपालेही तेच ठेवते."

उघडले!

कैलाशने तिथूनच उमेंद्रचे बाकी राउटर पाहिले. दवाखान्यातला, खताच्या दुकानातला, पतसंस्थेतला. सगळ्यांचे फर्मवेअर जुने, सगळ्यांचा पासवर्ड सासूबाई. त्या माउलीला पत्ता नाही, पण तिच्या नावाने अख्खा तालुका उघडतो.

पत्ते दुरुस्त करून कैलाश गेला. जाताना म्हणाला, "टिकेगा नहीं. रोज उमेंद्रके हापिससे पुरानी सेटिंग वापस आती है. ठिगळ वहीं से लगेगा."

१३ ऑक्टोबर, सोमवार

रमीवाली बाई परतली.

दुर्गीने भावाला फोन लावला. स्पीकरवर.

"उमेंदर, तुह्या मशीनमध्ये भोक हाय. ठिगळ लाव."

"लावतो न ताई. पन चालून राह्यलं ना? चालत्या बैलाले कायले टोचाचं?"

"लोकायचे कागद चोरून राह्यले कोनी!"

"आपल्या इकडे काय हाय चोरन्यासारखं? चीनवाल्यायले का धान पायजे?"

तेव्हा तिने ते वाक्य काढले. लहानपणी उमेंद्रला म्हैस राखायला बसवत. तो बांधावर झोपे, म्हैस दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत शिरे, आणि ही घरातून बोंबलत धावे. आजही तो झोपेचे सोंग घेतो तेव्हा ती तेच म्हणते. त्या घराबाहेर हे वाक्य कोणाला ठाऊक नाही. मी जावई म्हणून ऐकले.

"उमेंदर, ऊठ! म्हैस धानात!"

तो हसला. "करतो गा ताई," म्हणाला. तिला गा म्हणाला, पुरुषाला म्हणतात तसे! फोन ठेवला.

मी म्हटले, चारचौघांत सुनाव त्याला. तर माझ्यावरच आली. "ओवाळते त्याले मी. चारचौघात कशी बोलू? माहेर हाय माझं ते."

१५ ऑक्टोबर, बुधवार

निशाचा फॉर्म गेला. गोंदियाहून पुन्हा आलेल्या कैलाशच्या मोबाइलच्या नेटवर, बस स्टँडच्या बाकावर बसून. खरी पावती आली. तिच्यावर अभिनंदन नाही, तळाशी तीन धमक्या. बघून जीव भांड्यात पडला.

निशा हसली. रुख्माबाई हसली नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

दुकानात चिटपाखरू नाही. 'दुर्गीबाईकडे फॉर्म भरू नका, तिथं खोटं निघते' असे बाजारात बोलतात. खोटी साईट म्हणत नाहीत. 'तिथं' म्हणतात. रमीची चाहती म्हातारी मंडळीसुद्धा फिरकली नाहीत, म्हणजे बघा.

दुर्गी रोज शटर उघडते, मशीन पुसते, राउटरला उदबत्ती दाखवते. मी म्हटले, फेकून दे तो, दुसरी वायर घेऊ. "ओवाळणी फेकतात का?"

माझ्या हातात होते ते केले. बावीस वर्षे गोंदियाच्या साप्ताहिकात 'चिमटे' नावाचे सदर लिहितो. या वेळी पूर्ण सदर साळ्यावर! नाव घेतले नाही, पण 'झोपी गेलेला जाळेवाला' म्हटले. दोन ठिकाणी तर मलाच माझी भीती वाटली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. उमेंद्रचा फोन. "भाऊजी, लेख वाचला. लय मस्त! त्या मच्छीमार सोसायटीवाल्याची बरी जिरवली."

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. उमेंद्र नवा शर्ट घालून पाटावर. दुर्गीने निरांजन फिरवले, आणि तबक मागे न घेता तसेच धरून ठेवले.

"यंदा मले साडी नको. ते ठिगळ पायजे. माझं दुकान बसून राह्यलं, भाऊ."

तिला भाऊ म्हणताना मी फार वर्षांनी ऐकले. एरवी उमेंदरच.

उमेंद्रचे डोळे भरून आले. खरेच भरले! "ताई, तू सांगशील आन् मी नाही करनार?" असे म्हणून पिशवीत हात घातला, आणि तबकात ठेवला —

राउटर. नवा. चार अँटेनांचा.

कैलाशला फोनवर खोक्यावरचे वाचून दाखवले. त्याने मॉडेल नंबर पुन्हा वाचायला लावला. मग, "सर, वही कंपनी, वही पुराना माल. सिर्फ झेंडू चार लगेंगे."

"आन् बाकी गावाचं?" दुर्गीने भावाला विचारले.

"मंडईची जत्रा होऊन जाऊ दे. पाहुने येऊन राह्यले, नाटकाची बुकिंग हाय. मग पाहू."

ती ओल्या हाताने तबकातले कुंकू पुसत राहिली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

केशोरीची मंडई — दिवाळीनंतरची जत्रा, रात्रभर नाटक. सासरी मुक्काम. घरात पाहुणे इतके की माझी चप्पल तीन वेळा बदलली. शेवटची बरी निघाली, तीच ठेवली. उमेंद्र नाटक समितीचा अध्यक्ष, छातीला बिल्ला. आम्ही सगळे मांडवात. दुर्गी आली नाही. डोके दुखते म्हणाली, आईजवळ थांबली.

दुर्गीचे डोके लग्नापासून कधी दुखलेले नाही. दुखवण्याचे खाते तिचे.

नाटक छान. खलनायक रात्रभर मरत होता.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी केशोरीत कोणाचेच नेट चालेना. एसटीने आमच्या अर्जुनीला परत आलो, इथेही तेच. पतसंस्थेच्या पायरीवर, दवाखान्याच्या ओट्यावर, खताच्या दुकानापुढे, जो तो मोबाइल डोळ्यांशी धरून वाचतो आहे आणि हसतो आहे. उमेंद्रच्या झाडून सगळ्या राउटरांची नावे रातोरात बदलली. पासवर्ड तोच, पण नाव नवे. त्यावर स्वतः बोट ठेवल्याशिवाय कोणाचे नेट सुरू होत नाही. आणि नाव तालुकाभर एकच — इंग्रजी अक्षरांत —

उमेंदर ऊठ म्हैस धानात.

शालीकरामबुवांनी ते मला भर चौकात मोठ्याने वाचून दाखवले. दोनदा. दुपारपर्यंत उमेंद्रने साऱ्या तालुक्याला ठिगळ लावले आणि सासूबाईंना पासवर्डमधून निवृत्त केले. खोटे कुठून निघत होते ते गावाला कळले, आणि संध्याकाळी रुख्माबाई दुकानात येऊन बसली. निशाचा पुढचा कागद घेऊन!

दुर्गी तांदूळ निवडत होती. "नागपूरच्या कोन्या पोट्ट्याचं काम असंल," म्हणाली. मान वर केली नाही.

उमेंद्रचे हापिस सासूबाईंच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे.

उद्या साप्ताहिकाला कळवतो, 'चिमटे' बंद. घरात लिहिणारे माणूस एकच असावे, आणि ते मी नाही.