बंद म्हणायचं नाही

॥ श्री ॥
बंगळूर, २ मे २००९

ती. कोकिळाताईस दिगंबरचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुझ्या दुकानाचा नुसता गलका ऐकू येतो, म्हणून लिहितो. मृग लागायच्या आत तुझे दीर भिकनभाऊ तुला कायमचं त्यांच्या गावी, डोईफोडियाला न्यायला येणार, हे ऐकून झोप उडाली. दाजींच्या मागे तू एकटीने हे अर्ज भरायचं, निकाल बघायचं इंटरनेटचं दुकान सांभाळलंस. आता लाइट गेल्यावर कॉम्प्युटर उठायला वेळ लावतो, गिऱ्हाईक समोरच्या गोटूकडे जातं, आणि त्यापायी तू दिराच्या ओसरीवर जाऊन बसायचं?

आमच्या कंपनीत मी इतकी वर्षं जो नवा कॉम्प्युटर बनवतोय, ते मशीन पाठवतोय. लाइट गेली की बॅटरी थोडा वेळ धरते. तेवढ्यात पडद्यावरच्या ‘बंद करा’ या हिरव्या चौकटीवर क्लिक कर. मशीन चाललेलं काम लक्षात ठेवून निजतं आणि लाइट आली की तिथूनच उठतं. जमतं का ते खरं खरं कळव.

तुझ्या धपाट्यांना पारखा झालेला,
दिगू

॥ श्री ॥
बुधवारा, बुऱ्हाणपूर, १२ मे

चि. दिगंबरास पोटभर आशीर्वाद.

मशीन पोचलं. फूल वाहिलं. एकदम झकास चालतं रे! लाइट आली की तुरंत उठतं. तुझ्या साहेबांना सांग, बुऱ्हाणपूरची पसंती. गिऱ्हाइकांसाठी स्टुलं मांडलीत. मशीन सुरू होईतो शेजारची मालूबाई चहा आणते, तोही निवांत पिऊन होतो.

भाऊजी सहा जूनला टेम्पो घेऊन येतात. तू परेशान नको होऊ. केळीचे वेफर्स पाठवलेत, एकटा खाऊ नकोस. दाढी करत जा.

माया आहेच, वाढत राहो.
कोकिळाताई

बंगळूर, १७ मे

ती. ताईस सा. न.

तुरंत उठणारं मशीन सुरू होईतो चहा पिऊन कसा होतो गं? खोटं बोललीस की तू नेहमी जास्तीचं सांगतेस. माझं मन राखायला लिहिलंस ना? माझ्या मनाचं राहू दे, तुझं दुकान राहायला हवं. हिरव्या चौकटीवर क्लिक करतेस की नाही, तेवढं सांग. रागावलो नाही, काळजी वाटते म्हणून विचारतो.

उत्तराची वाट बघणारा,
दिगू

बुधवारा, २३ मे

चि. दिगंबरास आशीर्वाद.

पकडलंस बाबा! नाही करत. हातच जात नाही. अरे, भरल्या दुकानात समोर गिऱ्हाईक उभं, आणि मी ‘बंद करा’ म्हणू? रात्री कुलूप लावतानाही ह्यांनी कधी बंद म्हटलं नाही, दुकान वाढवलं म्हणायचे. बंद म्हणजे कायमचं. म्हणून बॅटरी संपेपर्यंत मी नुसती बघत बसते. मला वाटलं, तुझ्या मशीनमध्येच खोट आहे. एवढी वर्षं त्यात घातलीस, तुला कोणत्या तोंडाने सांगू?

मला डोईफोडियाला नाही जायचं रे. तिथे दोन वेळचं मिळेल, पण मला काही विचारायला कोणी येणार नाही.

ताईला हसू नकोस, एवढा लोभ ठेव.
कोकिळाताई

बुधवारा, ७ जून

चि. दिगंबरास उदंड आशीर्वाद.

तू मागाहून पाठवलेली सीडी सांगितल्याप्रमाणे मशीनमध्ये घातली. हिरव्या चौकटीवर ‘बंद करा’च्या जागी ‘वाढवा’ वाचलं आणि एकटीच हसत सुटले.

काल भाऊजी आले. कपाट उचलायला माणूसही आणला होता. दुकानात निकालाची गर्दी, आणि नेमकी लाइट गेली. गोटूकडे अंधार, माझ्याकडे अंधार. पण मी वाढवलं होतं. लाइट आली आणि सरुबाईच्या पोरीचा अर्धा भरलेला अर्ज जसाच्या तसा समोर! गोटूचा कॉम्प्युटर अजून उठतच होता, त्याच्या दारातली माणसं रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. भाऊजींना उभं राहायला जागा उरली नाही, बिचारे टेम्पोत जाऊन बसले.

बऱ्याच वेळाने आत आले. मला वाटलं, आता चला म्हणतील. पण त्यांच्या हातात लेकीचा, कुसुमचा, रोल नंबर होता. ते ओळीत शेवटी उभे राहिले. घरचे असले तरी मीही त्यांना आधी घेतलं नाही.

पास झाली पोरगी. टेम्पो रिकामा परत गेला.

दुकान उघडायची वेळ झाली, म्हणून इथेच थांबते.
तुझी ताई