सोळा बटणं, एक मुसळ

२ जुलै, मंगळवार
सॅम्पलर आणला. केजेटियाच्या बाजारातून, जुना, पण चेहरा तजेलदार. वर सोळा रबरी बटणं. कुठलाही आवाज रेकॉर्ड करायचा, एका बटणावर बसवायचा, बटण दाबलं की वाजतो. म्हणजे सोळा माणसांचा बँड, आणि एकालाही जेवायला घालावं लागत नाही.
दुकानदार म्हणाला, आधी माहितीपुस्तक वाचा. त्याला सांगितलं, वीज खात्यात एकतीस वर्षं मीटर वाचलेत, आता वाचन पुरे.
कारण लिहून ठेवतो. आमच्या लेकीचे, फ्रेमाचे, दिवस भरत आलेत. आठव्या दिवशी बारसं. नाव ठेवणं बापाकडच्यांचं काम, म्हणजे नाव व्याही ठेवणार, बाळाच्या जिभेवर पाणी व्याही लावणार, भाषण व्याही करणार. मी आईचा बाप, मी खुर्चीवर बसणार. याचं वाईट वाटतं. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिलं.
फ्रेमाला सांगून टाकलं: बँड बोलवू नकोस, संगीत माझ्याकडे लागलं. तिने दोनदा विचारलं, नक्की ना बाबा. आनंद झाला असणार.

३ जुलै, बुधवार
तीन तास सराव. एक टाळी रेकॉर्ड केली. माझीच. उत्तम आली.

४ जुलै, गुरुवार
टाळी गेली. रात्री झोपताना सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. दुकानदार फोनवर म्हणाला, बंद करण्याआधी सेव्ह करायचं असतं, काका, पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. असेल. मी सोपा उपाय काढला: यंत्र बंदच करायचं नाही.
अडचण एकच. बैठकीच्या खोलीत मीच रंगवलेली पाटी आहे, 'माणूस नाही तर वीज नाही'. एकतीस वर्षं या घराला मी हेच शिकवत आलो. बायकोला, सेरवाला, यातलं काही कळू दिलं नाही. यंत्रावर टॉवेल टाकून ठेवला, म्हणजे लाल दिवा दिसायला नको.

७ जुलै, रविवार
चर्चमध्ये व्याही भेटले. मिस्टर डांक्वा. पोलीस बँडात ट्रंपेट वाजवायचे, अजून पोट आत ओढून चालतात. म्हणाले, ऐकलं तुम्ही संगीत करताय, लागलं तर माझा ट्रंपेट आहे हं. मी म्हणालो, ट्रंपेटचे दिवस गेले. सेरवाने कोपर मारलं.

१३ जुलै, शनिवार
आज मोठी झेप. आमच्या वाड्याच्या चौकात शेजारची एसी मावशी सुपाबरोबर खायचा फुफू कुटत होती. उखळात उकडलेला कसावाचा कंद, वर मुसळ, धप्प, धप्प, आणि मधे हात घालून गोळा परतायचा तो ओला आवाज. काय ठेका. मी खिडकीतून रेकॉर्ड केला आणि तेराव्या बटणावर बसवला. एकदा दाबलं की थांबवेपर्यंत चालूच राहतो. माझं उखळ पांढरं होणार ते या मुसळानेच.

१५ जुलै, सोमवार
लिहायची इच्छा नाही तरी लिहितो.
दुपारी दार लावून मोठ्या आवाजात सराव केला. दोन तास. सेरवा दुकानातून परतली ती दारातच थबकली. सत्तावीस वर्षांच्या संसारात नवरा पहिल्यांदा स्वतः फुफू कुटतोय असं तिला वाटलं. ती तशीच मागे वळली, बाजारातून धुरावलेली मासळी आणली, शेंगदाण्याचं सूप चढवलं. एसी मावशीला सांगून आली, की देव उशिरा का होईना ऐकतो. माझा मावसभाऊ रस्त्याने चालला होता, तो आवाज ऐकून आत आला आणि हात धुऊन बसला. त्याच्यासोबत आणखी दोघं.
मग सेरवाने दार उघडलं. आत मी, खुर्चीत, एक बोट बटणावर.
सूप होतं. फुफू नव्हता. पावाबरोबर खाल्लं सगळ्यांनी. मावसभाऊ म्हणाला, आवाजाने पोट भरतं असं आजवर ऐकलं नव्हतं.

१६ जुलै, मंगळवार
सेरवा बोलत नाही. मुसळ पुसून टाकायचं ठरवलं. चष्मा सापडेना. दोन बटणं एकत्र बराच वेळ दाबून धरली, पडद्यावर काहीतरी बारीक लिहून आलं. तेरावं दाबून पाहिलं तर मुसळ वाजतंच आहे. राहू दे. कलाकाराने जुनं काम टाकू नये.

२४ जुलै, बुधवार
आता खरं काम. डॉक्टरांनी तारीख दिली आहे ९ ऑगस्ट. कॅलेंडर पाहिलं, शुक्रवार. पोटाचा आकार पाहून मुलगा हे उघड आहे. शुक्रवारचा मुलगा म्हणजे कोफी. पुढे डांक्वांना काय जोडायचं ते जोडू देत, वाराचं नाव तर देवानेच ठेवलेलं असतं. तेव्हा गाणं कोफीचंच. चौकातल्या चौदा माणसांकडून एकेकदा 'कोफी' म्हणवून घेतलं. चौदा बटणं लागली, तेरावं सोडून. पंधराव्यावर बकरी.
सेरवा आता बोलते. म्हणाली, फ्रेमाचे बाबा, मूल तर होऊ द्या आधी. मी म्हणालो, नियोजन म्हणून एक गोष्ट असते. ती म्हणाली, बाजारात तुरी.

९ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळी ७. फोन नाही.
दुपारी १. फोन नाही. मी केला. जावई म्हणाला, कळा नाहीत.
४ वाजता फ्रेमाशीच बोललो. म्हटलं, बाळा, जरा चालून बघ, जिने चढ, आज व्हायला हवं. सेरवाने फोन काढून घेतला आणि बाहेर जाऊन पोरीची समजूत काढली. मी कॅलेंडर पाहत बसलो.

१० ऑगस्ट, शनिवार
दुपारी अडीचला झाली. मुलगी.
शनिवार, मुलगी. आमा.
हॉस्पिटलात हातात दिली. एवढीशी. माझ्याकडे पाहिलं आणि जांभई दिली. मला रडू आलं, ते डांक्वांनी पाहिलं. त्यांचेही डोळे ओले होते, पण पोट आतच होतं.

१२ ऑगस्ट, सोमवार
चौकात परत फिरलो. चौदा जणांना म्हटलं, आता 'आमा' म्हणा. एसी मावशी म्हणाली, तुमचं यंत्र आहे की शिरगणती. बाकीचे कामात होते. शेवटी चौदाही आवाज मी एकट्यानेच काढले. यंत्रात आवाज बारीक करता येतो. पंधराव्यावरची बकरी तशीच ठेवली. सेरवा ऐकून म्हणाली, कुठली बकरी आणि कुठले तुम्ही ते सांगून ठेवा पाहुण्यांना.

१६ ऑगस्ट, शुक्रवार
गाणं पूर्ण. तीन मिनिटं दहा सेकंद. स्वतःच दोनदा ऐकलं, दोन्ही वेळा अंगावर काटा. फ्रेमा बाळाला घेऊन आमच्याकडेच आलीय. तिने विचारलं, बाबा, जमेल ना, नाहीतर अजूनही कुणाला तरी सांगता येईल. तिला म्हटलं, निर्धास्त झोप.

१७ ऑगस्ट, शनिवार
बारसं पहाटेचं. साठ पाहुणे, सगळे पांढऱ्या कपड्यात. सहा वाजता लांब वायरीसकट यंत्र चौकात आणलं, प्लग न काढता; दिवा विझलेला दिसला, भिंतीवरचं बटण लावलं. पहिलं बटण, काही नाही. दुसरं, काही नाही.
सेरवाने काल झोपताना टॉवेलखालचा दिवा पाहिला होता. पाटी वाचून तिने बटण बंद केलं. खोलीत माणूस नव्हता, म्हणाली. तिची काहीच चूक नाही. ही ओळ लिहायला मला दहा मिनिटं लागली.
तिकडे डांक्वा बाळाला घेऊन उभे, पाण्याचा पेला हातात, आणि बाळ टाहो फोडतंय. सगळे माझ्याकडे बघतायत. फ्रेमाही. मी दिसेल ते बटण दाबत गेलो. तेरावं लागलं.
धप्प. धप्प.
म्हणजे त्या दिवशी चष्म्याशिवाय मी पुसलं नव्हतं, सेव्ह केलं होतं. साठ माणसांनी एकदम स्वयंपाकघराकडे मान वळवली. जेवणाची जबाबदारी घेतलेली एसी मावशी कंबरेवर हात ठेवून बाहेर आली, की माझ्या पाठीमागे फुफू कुटायला कुणाला बसवलंय, तेही पहाटे. व्याह्यांकडचे दोन म्हातारे हात धुवायला उठले.
पण आमा गप्प झाली. डोळे मिटले. डांक्वांनी पटकन पाणी लावलं, नाव घेतलं, आमा सेरवा डांक्वा, संपलं. सेरवाचं नाव त्यांनी आपणहून ठेवलं. माझ्या बायकोला रडताना मी कितीतरी वर्षांनी पाहिलं.
नंतर डांक्वांनी मोटारीतून ट्रंपेट काढला. सगळे नाचले. सेरवाही. मी वायर गुंडाळत होतो.

२१ ऑगस्ट, बुधवार
आमा दुपारी कशानेच झोपत नाही. फ्रेमाने कंटाळून यंत्र मागितलं. तेरावं बटण. दोन मिनिटांत झोपली. मी सर्वांना सांगितलं, की कलावंताला पहिला श्रोता घरातच मिळतो. फ्रेमा म्हणाली, बाबा, हळू.

२६ ऑगस्ट, सोमवार
पाच दिवस रोज तीन वाजता माझा कार्यक्रम. श्रोता एकच, पण नियमित. मात्र त्याच त्या ठेक्याने तिच्या कानावर नीट संस्कार होणार नाहीत. उद्या थोडी सुधारणा करतो. एक टाळी वाढवायची फक्त. मग सेव्ह. आता सेव्ह कसं करायचं ते येतं.

२७ ऑगस्ट, मंगळवार
टाळी सेव्ह झाली. मुसळाच्या जागी.
सगळं मुसळ केरात. टाळी ऐकून आमा दचकून उठली ती संध्याकाळपर्यंत रडली. फ्रेमाही रडली. एसी मावशी गावाला गेलीय, पुन्हा रेकॉर्ड करायला कोणी नाही. सेरवा उठली. तिने उखळ धुतलं आणि मुसळ आणून माझ्या खुर्चीला टेकवून ठेवलं.

१ सप्टेंबर, रविवार
रोज तीन वाजता मी कुटतो. सेरवा समोर बसून गोळा परतते. हाताला चार फोड. यंत्र टॉवेलखाली आहे, भिंतीवरचं बटण बंद करून.
आज ठेका दोनदा चुकला. सेरवा म्हणाली, फ्रेमाचे बाबा, बोटं माझी आहेत, जरा मोजा. मग मोजून कुटलं. आमा झोपली. फुफूत गुठळ्या होत्या, मी धरून सगळ्यांनी खाल्ला.